आमच्या शेताचं चित्र

रंगात पाणी किती घालायचं हे माझी आत्या सिरिंजनं मोजते. सुई काढलेली, पाच मिलीची. आभाळासाठी चार मिली, लांबच्या डोंगरासाठी दोन, जवळच्या मातीसाठी अर्धा. रंग कालवायला तिच्याकडं दवाखान्यातला पांढरा इनॅमलचा ट्रे आहे, कडेचा टवका उडालेला. आणि ढग ती ब्रशनं काढतच नाही, कापसानं काढते. ओल्या निळ्यावर कापसाचा बोळा हलकेच टेकवायचा. रंग बोळ्यात येतो, खाली ढग राहतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी टाळ्याच वाजवल्या. आत्या म्हणाली, "शिवे, सर्कस न्हाई ही."

मनकर्णा आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तेहतीस वर्षं नर्स होती, पालम तालुक्यातल्या खेड्यापाड्यांत. शाळेत असताना चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांत तिला ए ग्रेड होती आणि तिला चित्रकलेच्याच कॉलेजात जायचं होतं. घरच्यांनी नर्सिंगला घातलं. तिचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. गेल्या दिवाळीच्या आधी रिटायर होऊन ती आमच्याकडं राहायला आली, ती एक ट्रंक आणि चित्रकलेच्या कागदाची एक मोठी गुंडाळी घेऊन. "आता मला फकस्त रान काढायचंय," म्हणाली. "माणूस न्हाई, लेकरू न्हाई. मोकळं रान."

मी शिवकन्या, अकरावी सायन्स. रोज एसटीनं गंगाखेडला जाते-येते. यंदा जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आले, तेव्हापासून मी फार बोलते असं आईचं म्हणणं आहे, आणि ते खरं आहे. मला कुठलीही गोष्ट तपासून बघितल्याशिवाय पटत नाही, हेही खरं आहे. गावाचं नाव मात्र मुद्दाम लिहीत नाही. राणीसावरगावच्या अलीकडचं, माळावरचं गाव, एवढं पुरे. ज्या बायकांबद्दल लिहायचंय त्या अजून तिथंच राहतात.

रविवारी सकाळी आत्याचा बोर्ड मी धरायची आणि पाण्याची बाटली ती. पहिलं चित्र गावामागच्या ओढ्याचं झालं. ओढ्यात पाणी घोट्याएवढं, काठाला करंज, पलीकडं सोयाबीन काढून मोकळं झालेलं काळं रान, आणि त्यामागं बालाघाटाची निळसर रांग. आत्यानं सुरुवातीला दोन कागद वाया घालवले. एकदा डोंगर जमला आणि मग तिनं दीड तास मान वर केली नाही. तिचा चेहरा इतका तरुण मी कधी बघितला नव्हता.

बोर्ड उचलताना मला दिसलं.

"आत्या, हे काय काढलंस? करंजीच्या बुडाला?"

"काय?"

चित्रात करंजीच्या बुडाशी नखाएवढा ढीग होता. चार-पाच करडे दगड आणि त्यांच्यावर बारीक काट्यांची जाळी. मी समोर बघितलं. करंजीच्या बुडाशी वाळलेलं गवत होतं, बाकी काही नाही.

आत्यानं चष्मा पुसला. "मी न्हाई काढलं. कागदाला गाठ आसंल. तू लय बारीक बघतीस."

तिनं ओला कापूस टेकवून तो ढीग उचलला. जागा स्वच्छ झाली. घरी येऊन चित्र भिंतीला टेकवलं, वाळलं, आणि ढीग परत होता. आधीपेक्षा ठळक. आता दगडांच्या खालून पोपटी रंगाचा एक ठिपकाही दिसत होता, जसं काही कापड दबलंय. निळा आणि पिवळा मिसळला की पोपटी होतो, हे मला कळतं. पण त्या दिवशी ट्रेमध्ये पिवळा काढलाच नव्हता. ट्रे मीच धुतला होता.

मग मी प्रयोग सुरू केला. आत्या जिथं बसेल तिथून आधी मोबाइलवर फोटो काढायचा, मग चित्राशी ताडून बघायचं. दुसरं चित्र मारुतीच्या माळाचं, तिसरं पाझर तलावाच्या सांडव्याचं. दोन्ही फोटोंत ढीग नाही. दोन्ही चित्रांत ढीग. सांडव्याच्या चित्रात तर दोन, एकमेकांपासून लांब.

ढीग कशाचा, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. गावात सगळ्यांनाच कळतं. दात न आलेलं लेकरू आमच्याकडं जाळत नाहीत, पुरतात. बापई माणसं टोपलीत घालून नेतात, खड्ड्यात मीठ टाकतात, वर दगड ठेवतात, आणि कुत्र्या-कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून दगडांवर बोराटीच्या काट्या. बाळंतीण अंथरुणावर असते. तिला जागा सांगत नाहीत. सांगितली तर बाई तिथंच जाऊन बसते, घराकडं बघत नाही, असं म्हणतात. दोन-तीन पावसाळे गेले की जमीन सपाट होते. नेणाऱ्यांनाही मग जागा आठवत नाही. निदान तसं सांगतात तरी.

संक्रांतीला आमच्याकडं हळदी-कुंकू होतं. प्रदर्शनाची कल्पना माझीच. अंगणात कपड्यांच्या दोरीवर नऊ चित्रं चिमट्यांनी लावली, खाली पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मनकर्णा आत्यांची रानचित्रं'. बायका आल्या, हसल्या. "नर्सबाई, आमच्या म्हशीचा बी फोटू काढा की!" "म्हैस एका जागी उभी ऱ्हायली तर काढतेत त्या!" आत्या लाजून तिळगूळ वाटत होती.

गल्लीतल्या कुसुमबाई ओढ्याच्या चित्रासमोर थांबल्या. साठीच्या पुढची बाई, लय बडबडी. वाण हातात घेऊन उभ्याच राहिल्या. माझ्या हातातली कुंकवाची कोयरी तशीच राहिली.

"ही करंज ओढ्यातलीच ना गं?" त्यांनी विचारलं.

"हो, काकू."

"माझं पोपटी लुगडं फाडून गुंडाळलं व्हतं," त्या म्हणाल्या. माझ्याशी नाही, चित्राशी. "पंधरा दिसाचं व्हतं. पल्याडच्या रानात नेलं म्हणले मला. तीस वर्सं मी पल्याडच्या रानाकडं बघायले."

 मग मागून एक आवाज आला, "मारुतीचा माळ कोन्ता गं ह्यातला?"

कुसुमबाईंच्या नवऱ्याला मी दुसऱ्या दिवशी विचारलं. तपासायचं म्हणजे विचारायला नको का? म्हातारा पारावर बसला होता. "तिला कोण सांगितलं?" एवढंच म्हणाला, आणि उठून गेला. त्या वेळी आत्या पालमकडं नोकरीला होती. तिला ते लेकरू झालेलंही माहीत नव्हतं.

कुसुमबाई ओढ्यावर गेल्या. मी लांबून बघितलं. करंजीच्या बुडाशी बसल्या, गवतावर हळद-कुंकू वाहिलं, आणि बारशाला ठेवायचं ठरवलेलं नाव घेऊन हाक मारली. तीस वर्षांत ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. मग पदर तोंडाला लावून रडल्या. पुढच्या रविवारी आत्यानं तोच ओढा परत काढला. करंजीच्या बुडाशी नुसतं गवत आलं.

त्यानंतर बायका यायला लागल्या. दुपारी, माणसं रानात असताना. कुणी पाण्याला म्हणून यायची, कुणी विरजणाला. दारात उभं राहून म्हणायची, "बाई, आमच्या तिकडं बी जा की एकदा. झाडी लय चांगली हाय." आत्या कुणाला नाही म्हणू शकली नाही. तेहतीस वर्षांची सवय. फेब्रुवारीपर्यंत अकरा बायका झाल्या. ज्या लेकरासाठी रडून झालं, त्याचा ढीग नंतरच्या चित्रात येत नव्हता. हे मी वहीत तारखांसकट लिहून ठेवलंय. कारण काय ते मला सांगता येत नाही.

आत्या मात्र कमी बोलायला लागली. चित्र संपलं की ती साबणानं हात कोपरापर्यंत धुवायची, बाळंतपण करून आल्यासारखी. एकदा मी टॉवेल घेऊन उभी होते तेव्हा म्हणाली, "मी रान काढायला आले व्हते गं शिवा. जन्मभर लेकरंच बघितली. आता तरी मला रिकामं रान दिसू दे म्हणावं."

"कुणाला म्हणू?" मी हसून विचारलं. ती हसली नाही.

या सगळ्यात माझी आई एकदाही चित्रांजवळ गेली नव्हती. आईचं नाव राजेश्री. शिवणकाम करते, मशीनवर मान खाली घालून ऐकते सगळं. आणि मी जुळी होते हे मी अजून लिहिलं नाही. माझ्याबरोबर एक भाऊ झाला होता, जन्मतःच गेला. श्रावणातला पूर, रस्ता बंद, सातवा महिना. आत्या रजेवर इथंच होती, तिनंच घरात बाळंतपण केलं. बाबा आणि दादा, म्हणजे माझे आजोबा, त्याला शेतात घेऊन गेले. दादा तीन वर्षांपूर्वी वारले. बाबांना आईनं कधी विचारलं तर ते म्हणायचे, "ओढ्याच्या अंगाला कुठंतरी. अंधारून आलं व्हतं, ध्यानात न्हाई."

होळीच्या आदल्या आठवड्यात आईनं मशीन थांबवली.

"आक्का, गावाचं समदं रान काढलं तुमी. आपलंच शेत तेवढं कामून काढत न्हाईत?"

आत्या ब्रश पुसत होती. "तिथं काय हाय काढायला? तुरीचे खुंट."

"हाय का न्हाई तेच बघायचंय."

"राजेश्री, नको."

"सोळा वर्सं झाली, आक्का. मी शेतात खुरपायला जाते तवा पाय कुठं टाकू हे कळत न्हाई मला. त्याच्या अंगावरून तर चालत न्हाई ना मी?" आईचा आवाज चढला नव्हता. "तुमच्याच हातावर झाला तो. एवढं करा."

आत्यानं हातातला ब्रश परत धुतला. तो आधीच स्वच्छ होता.

रविवारी सकाळी आम्ही दोघी शेतात गेलो. तूर काढून झालेली, सगळीकडं बोटभर खुंट. मधोमध हिवराचं एकटं झाड. कडेनं दगडी बांध, त्याच्यापलीकडं माळ. ऊन अजून कोवळं होतं. आत्यानं आभाळ लावलं, डोंगर लावला, हिवर लावला. हिवराची सावली लावताना तिचा हात थांबला.

मी वाकून बघितलं. सावलीत ढीग उमटत होता. ओल्या रंगातून वर येत होता, ब्रश लांब असताना.

आणि त्याच्या उजवीकडं, दोन पावलांवर, दुसरा.

"आत्या, दोन?"

तिनं कापूस घेतला आणि उजवीकडचा ढीग उचलायला लागली. टेकवत नव्हती, घासत होती. कागदाची साल निघाली. बोळे बदलले, चार, पाच, सहा. सगळे बोळे हिरवट झाले. ढीग होता तिथंच राहिला.

"चल," ती म्हणाली. सामान मी आवरलं. तिला आवरता येत नव्हतं.

घरी आईनं चित्र दोन्ही हातांत धरलं, ओलं होतं म्हणून आडवं. डाव्या ढिगावर तिचं बोट थांबलं, न टेकता.

"हा माझा," ती म्हणाली. मग बोट सरकलं. "आन् हा कुणाचा?"

आत्या उंबऱ्यात बसली होती. बाबा आत आले, पायातली चप्पल काढता काढता त्यांनी चित्र बघितलं आणि एका चपलेवर तसेच उभे राहिले.

"आदिनाथ," आत्या म्हणाली, "सांग आता तिला."

बाबा खाली बसले. 

"दोघं बी निपचित व्हते," ते म्हणाले. "आक्कानं बघितलं, म्हणली, गेले. तू सुदीवर नव्हतीस. दादा म्हणले, ती डोळे उघडायच्या आत उरकू. एकाच टोपलीत नेले. दोन खड्डे घेतले. आधी पोराला माती दिली. दगड ठिवले, काट्या ठिवल्या. मग पोरीला खड्ड्यात ठिवलं. मीठ टाकलं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मिठाचा खडा तोंडाला लागला का काय. रडली."

"कोण रडली?" मी विचारलं. मला माहीत होतं तरी विचारलं.

"तू."

बाहेर कोंबडी ओरडत होती. आईनं चित्र कॉटवर ठेवलं.

"मग पोराचं उघडून बघितलं का?"

बाबांनी पायातली दुसरी चप्पल काढली.

"मी काय इचारायले? त्याचं उघडून बघितलं का?"

"दादा म्हणले, झालं ते झालं. उकरायचं न्हाई."

"आन् तुमी?"

बाबांनी दोन्ही तळवे पँटीला पुसले. परत पुसले.

आत्या बोलली ती आमच्याकडं न बघता. "पोरगी घरी आणली तशी मी तिला शेकत बसले. मला परत जायला पायजे व्हतं. मी म्हणायला पायजे व्हतं, चला, बघू. मी न्हाई म्हणले." मग म्हणाली, "त्याच्यानंतर कुठल्याबी लेकराला अर्धा तास झाल्याबिगर मी गेलं म्हणले न्हाई. कुठल्याबी."

आई त्या दिवशी दोघांशीही बोलली नाही. मला मात्र तिनं जवळ घेतलं आणि माझ्या डोक्याचा, कानांचा, मानेचा वास घेत राहिली, तान्ह्या लेकराचा घेतात तसा.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे शेतात गेलो. हिवराखाली बाबांनी गवत बाजूला सारलं तर चार-पाच दगड निघाले, जमिनीत रुतलेले. उजवीकडं दोन पावलांवर काही नव्हतं. सपाट माती. आईनं दगडांवर दोन्ही हात ठेवले आणि "श्रीराम" अशी हाक मारली. तेच नाव तिनं ठरवलं होतं. ऊन डोक्यावर येईपर्यंत ती तिथून उठली नाही. कुणी तिला उठ म्हणालं नाही.

पुढच्या रविवारी आत्यानं शेत परत काढलं. डावीकडचा ढीग गेला होता.

उजवीकडचा होता.

बाकीच्या सगळ्या चित्रांत बोराटीच्या काट्या करड्या, वाळलेल्या आहेत. मी मोजून सांगते, सगळ्या. या एकाच ढिगावरच्या हिरव्या होत्या. पानं होती. एका फांदीला टोकाशी रसाचा थेंब होता, आत्ताच तोडल्यासारखा.

आत्यानं अजून तीन वेळा काढलं. जागा बदलून, वेळ बदलून. तिन्ही वेळा हिरव्या काट्या.

"बरंय की," मी म्हणाले. कुणीतरी हसायला हवं होतं. "माझी जागा बुक आहे."

आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. मग चित्र हातात घेऊन म्हणाली, "ज्याच्यासाठी रडलं ते जातंय. ह्याच्यासाठी बी कुणीतरी रडायला पायजे."

"येडी का खुळी तू?" बाबा म्हणाले. "जित्या पोरीसाठी?"

"काट्या ताज्या हायेत," आई म्हणाली. "कुणाची तरी वाट बघायल्यात त्या. मी तशा ठिवू का?"

विषय तिथंच थांबला. मला वाटलं, थांबला.

परवा कॉलेज लवकर सुटलं. तीनच्या सुमाराला घरी आले तर दाराला कडी होती. मी दप्तर ओट्यावर टाकलं आणि शेताकडं निघाले. मार्चचं ऊन, माळावर कुणी नाही. बांधावर चढले तेव्हा दोघी दिसल्या. आत्या हिवरापासून लांब, बोर्ड मांडीवर घेऊन बसलेली, पाठ माझ्याकडं. तिचा हात भराभर चालत होता. आणि आई उजवीकडच्या सपाट मातीपाशी.

तिनं पदर डोक्यावरून घेतला होता. मातीवर हळद-कुंकू वाहिलेलं दिसत होतं. ती पुढं-मागं झुलत होती.

"शिवकन्या," ती म्हणत होती. घरात मला या नावानं कुणी बोलावत नाही. "शिवकन्या, शिवकन्या गं."

श्रीरामसाठी रडली तशीच रडत होती. त्यात काही खोटं नव्हतं.

"आई," मी हाक मारली.

तिला ऐकू आलं नसावं. मी बांधावरून खाली उतरले, चार पावलं पुढं गेले.

"आई, मी इथंय."

आत्याचा हात थांबला. तिनं समोरच्या कागदाकडं बघितलं, मग शेताकडं, आणि सुटकेचा एक मोठा श्वास सोडला. "मोकळं झालं, राजेश्री," ती म्हणाली. "सगळं रान मोकळं झालं."

आता मी जोरात ओरडले. खुंटांमधून एक टिटवी उडाली आणि माझ्या डोक्यावरून ओरडत गेली.

दोघींनी टिटवीकडं बघितलं. ती दिसेनाशी होईपर्यंत बघितलं. मग आईनं डोळे पुसले, आत्याचा बोर्ड उचलला, आणि दोघी मला अगदी घासून, माझ्याकडं न बघता, बोलत बोलत घराकडं निघून गेल्या.